वाटणी, वानोळा आणि सामाईक

एखादी वस्तू एका हातून दुसऱ्या हाती जाण्याच्या ज्या रीती मराठीत रूढ आहेत, त्यांची नावे जवळजवळ मांडून पाहिली म्हणजे समाजाच्या घडणीचा एक लहानसा नकाशाच तयार होतो. वाटणी झाली की घराचे दोन भाग होतात. एकाला मिळाले ते दुसऱ्याचे राहत नाही, आणि म्हणूनच या शब्दाला कोर्टकचेरीचा वास कायमचा चिकटला आहे. उसने दिलेले मापाने परत यावयाचे असते. वाटी सपाट गेली असेल तर ती शीग लावून परत करावी, हा शहाण्या घरांचा शिरस्ता. वानोळा याहून उदार. शेतातल्या पहिल्या हुरड्याचा, परसातल्या शेवग्याचा थोडासा भाग शेजारी धाडला जातो आणि त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. या तिन्हींहून सामाईक ही गोष्ट निराळी आहे. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक चौक यांतले काहीच जागचे हलत नाही. वस्तू आहे तेथेच राहते. ये-जा करतात ती माणसे. म्हणूनच तिच्या वापराला पाळी लागते, मर्यादा लागते, आणि प्रसंगी भांडणही लागते.

घरातले दोनतीन संगणक परस्परांस जोडून त्यांवरील फाइली सर्वांस खुल्या करण्याच्या क्रियेला इंग्रजीत जो शब्द आहे, तो या चारही रीतींना एकाच पोटात घालतो. मराठी माणूसही आता 'शेअर केले' असेच म्हणतो. शब्द सोयीचा आहे. परंतु त्याच्या सोयीतच एक अडचण दडलेली आहे. वस्तूची वाटणी झाली, तिचा वानोळा दिला गेला की ती सामाईक झाली, हे बोलणाऱ्याला स्वतःलाच पुष्कळदा उमगत नाही. बडोद्यातील एका मराठी घराला हा भेद कळावयास दहाएक वर्षे लागली.

दांडिया बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांतून गायकवाडी अमलापासून राहत आलेल्या कुटुंबांपैकी हे एक. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि उंबरठ्यावर दोन्ही, असा तिथला व्यवहार. घरातील वडील माणूस म्हणजे अप्पा. महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी बडोद्याच्या मराठीची शब्दनोंद करण्याचे काम अंगावर घेतले. या गावात अशा उद्योगाला परंपरा आहे. इंग्रजी शासनविषयक संज्ञांना अनेक भारतीय भाषांतील पर्याय देणारा 'श्रीसयाजीशासनकल्पतरू' हा कोश १९३१ मध्ये येथेच निघाला. आणि येथील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. अप्पांचे विद्यार्थिदशेचे दिवस त्या कामाच्या अखेरच्या वर्षांशी जुळणारे. पोथ्या शेजारी शेजारी ठेवून एकेका श्लोकाचे पाठ मिळवून पाहणारी विद्वान माणसे त्यांनी दुरून पाहिली होती, आणि त्या दर्शनाचा धाक त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

त्यांच्या नोंदी आरंभी चिठ्ठ्यांवर होत्या, पुढे संगणकावर आल्या. संगणकावर आल्यावर त्यांचा प्रवास सुरू झाला. मुलाने एक प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून स्वतःच्या मॅकवर नेली. नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी आपल्या लॅपटॉपवर दुसरी घेतली. पुण्यास दिलेली मुलगी सुट्टीत आली ती तिसरी घेऊन गेली. हा सगळा वानोळा होता, आणि अप्पांना त्याचा आनंदच होता. पण हुरड्याचा वानोळा खाऊन संपतो, फाइलीचा संपत नाही. तो दुसऱ्याच्या घरी वाढू लागतो. मुलाने काही शुद्धलेखन सुधारले, मुलीने सासरच्या पुणेरी माणसांना विचारून काही अर्थ बदलले, आणि खुद्द अप्पांनी या काळात आपल्या प्रतीत शंभर नव्या नोंदी घातल्या. एका दिवाळीत सर्व प्रती एका ठिकाणी आल्या तेव्हा त्यांतील एकही दुसरीशी जुळेना. ज्या पाठभेदांच्या जंगलातून वाट काढण्यात रामायणाच्या संपादकांचे आयुष्य गेले, ते जंगल या घराने आठ वर्षांत आपल्या माजघरात लावले होते.

प्रत केली की पाठभेद आला, हा नियम छापखान्याच्याही आधीचा आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती मधल्या तीन शतकांतील लेखनिकांच्या हस्तक्षेपांमुळेच. आणि यापुढे तीत कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही त्यांना द्यावी लागली. लेखनिक काही दुष्ट नव्हते. त्यांना ग्रंथ आवडत होता, म्हणून तर ते उतरवून घेत होते. ज्याला ग्रंथ आवडतो त्याचा हात त्यात पडल्यावाचून राहत नाही.

त्या दिवाळीनंतर मुलाने सुचविले की प्रती देण्याचे थांबवावे आणि मूळ फाइलच सर्वांस खुली करावी. घरात इंटरनेटसाठी आणलेला राउटर होताच. बाकीचे जाळे त्याच्याभोवती आपोआप विणलेले होते, फक्त त्याचा तसा उपयोग कोणी केला नव्हता. वस्तुतः संगणकांची अशी स्थानिक जाळी मुळात कार्यालयांसाठी निर्माण झाली. कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ईथरनेटची कल्पना मांडली गेली तेव्हा अनेक संगणकांनी एका लेझर मुद्रकाचा मिळून उपयोग करावा, हाही तिच्यामागील एक हेतू होता. वस्तू एक आणि गरजवंत अनेक, या साध्या अडचणीतून जाळे जन्मले. विहिरीची गोष्ट याहून वेगळी नाही.

घरातल्या जाळ्यात प्रत्येक संगणकाला एक पत्ता मिळतो. तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. अप्पांना प्रथम वाटले की हा पत्ता म्हणजे तारघराच्या नोंदणीसारखा जगात एकमेव असणार. तसे नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी पत्त्यांचे काही समूह खाजगी वापरासाठी राखून ठेवले, आणि तेव्हापासून तोच पत्ता जगातल्या असंख्य घरांत एकाच वेळी नांदतो आहे. घराबाहेर त्याला काही अर्थ नाही. घरात तो पुरेसा आहे. हे ऐकल्यावर अप्पांची पत्नी, जिला सगळे माई म्हणत, सहज म्हणाली, "म्हणजे माई म्हटल्यासारखंच की. घरोघरी माई असते, पण हाक मारली की ज्या घरातली तिलाच कळतं." जाळ्याच्या रचनेचे याहून नेमके विवरण मुलाच्या जाडजूड पुस्तकांतही नव्हते. बाहेरच्या जगात जावयाचे तर राउटर या घरगुती पत्त्यांवर आपला सार्वजनिक पत्ता चढवितो. बाहेरचे कोणी आगंतुकपणे आत येऊ लागले तर त्याला घरातल्या कोणाचे नावच ठाऊक नसते. उंबरठ्याचे काम हेच.

पहिली व्यवस्था अगदी साधी होती. अप्पांच्या विंडोज संगणकावरील 'शब्दसंग्रह' हा फोल्डर जाळ्यावर खुला करण्यात आला. फाइल अप्पांच्याच खोलीत राहिली, आणि वरच्या मजल्यावरील मुलाच्या पडद्यावर ती दिसू लागली. या किमयेमागील संभाषणाची रीत आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबाउम यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी बसविली. तिचे सूत्र असे की, फाइल मागणाऱ्या आज्ञावलीला ती आपल्याच डिस्कवर आहे की शेजारच्या यंत्रावर, हे कळण्याचे कारण पडू नये. मायक्रोसॉफ्टने हीच रीत स्वीकारून वाढविली, आणि १९९२ मध्ये निघालेल्या विंडोजच्या कार्यगटांसाठीच्या आवृत्तीने ती सामान्य मेजांवर आणली. या व्यवस्थेत एकच उणे निघाले. अप्पा दुपारी लवंडले की त्यांचा संगणकही काही वेळाने निद्रिस्त होई, आणि साऱ्या घराचा शब्दसंग्रह त्यांच्याबरोबर झोपी जाई. विहीर एकाच्या परसात असली आणि परसाचे दार बंद झाले, तर ती सामाईक कसली?

म्हणून राउटरशेजारच्या फळीवर एक लहानसा डबा आला. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. आत डिस्क आणि लिनक्स, एवढेच. तो रात्रंदिवस जागा असतो. लिनक्सची बोली निराळी आणि विंडोजची निराळी; या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम जी आज्ञावली करते तिचे नाव सांबा. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने १९९१ च्या अखेरीस तिचा आरंभ केला. संभाषणाच्या रीतीचे कागदपत्र त्याच्याजवळ नव्हते. तारेवरून जाणारे संदेश टिपून, कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर येते हे पाहत पाहत त्याने ती भाषा लावली. अज्ञात लिपी उलगडणारा अभ्यासक जे करतो तेच. पुढे आज्ञावलीला नाव हवे झाले तेव्हा त्याने शब्दकोशाच्या फाइलीत स, म, ब यांची रोमन अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शोधले, आणि त्यांत हा नृत्यवाचक शब्द सापडला. कोशकाराच्या घरात आलेल्या दुभाष्याचे नाव कोशातूनच निघालेले असावे, याचे अप्पांना फार कौतुक वाटले.

कौतुक ओसरले ते नावांपाशीच. डब्याच्या यादीत 'दुसऱ्या पिढीचे शब्द' या नावाचे फोल्डर एके दिवशी दोन दिसू लागले. अक्षर न् अक्षर तेच. काना, मात्रा, जागा, सारे तेच. एकात चाळीस नोंदी, दुसऱ्यात साठ. एकाच ठिकाणी एकाच नावाच्या दोन वस्तू यंत्र राहू देत नाही, हे तर सर्वांनाच ठाऊक होते. मग हे घडले कसे?

उत्तर 'ऱ' या अक्षरात होते. मराठीला हे अक्षर किती मोलाचे आहे हे मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आचार्य आणि आचारी या जोडीवरून शिकविले जाते. आचार्यास नमस्कार करावयाचा आणि आचाऱ्यास जेवणाचे सांगावयाचे, हा फरक त्या अर्ध्या रकारावर उभा आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा देवनागरीची मांडणी आपल्याकडील १९८८ च्या इस्की संकेतावरून घेतली गेली, आणि प्रत्येक अक्षराला एक क्रमांक मिळाला. मात्र 'ऱ' दोन रीतींनी लिहिता येतो: एकच क्रमांक वापरून, किंवा साधा 'र' आणि त्याखालचा नुक्ता असे दोन क्रमांक वापरून. त्यातही 'दुसऱ्या'मधला अर्धा रकार उमटविण्याची तिसरी रीत आहे; तीत 'र' आणि हलन्त यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. कागदावर तिन्हींचे रूप एकच. मॅकवर १९९८ पासून जी जुनी फाइल-व्यवस्था होती ती फाइलींच्या नावांतील अशी अक्षरे फोडून ठेवीत असे. विंडोज जसे टंकले तसे ठेवते. मुलाने आपल्या जुन्या मॅकवरील सामग्री आरसिंक या आज्ञावलीने सरळ डब्यात ओतली होती. ही आज्ञावलीही ट्रिजेलनेच, पॉल मॅकेरास यांच्यासह, १९९६ मध्ये केलेली. तिने प्रामाणिक लेखनिकासारखे आकड्यांमागून आकडे जसेच्या तसे उतरविले. डब्यातील फाइल-व्यवस्था डोळ्यांनी वाचीत नाही, आकडे ताडून पाहते. आकडे भिन्न, म्हणून नावे भिन्न.

भाषेच्या अभ्यासकाला याच्या उलट प्रकाराची सवय असते. भिन्न दिसणारी रूपे मुळात एकच शब्द आहेत हे सिद्ध करण्यात त्याची हयात जाते. येथे तंतोतंत एक दिसणारे शब्द आतून भिन्न निघाले. पहिल्या दोन रीती समान मानाव्यात असा युनिकोडचा नियमच आहे, आणि त्यांना एका रूपात आणण्याची साधनेही आहेत. तिसरीला मात्र तो नियम लागू नाही, ती शोधून हातांनीच बदलावी लागते. याच सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अप्पांना फाइलींना जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठासारखी लांबलचक नावे देण्याची हौस. लिनक्सवरील बहुतेक फाइल-व्यवस्थांत नावाला २५५ बाइट्सची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना आणि अनुस्वार धरून, तीन लागतात. म्हणजे इंग्रजी नाव २५५ चिन्हांचे चालेल, मराठी ८५ ला संपेल. विंडोजवर सुखाने नांदणारी नावे डब्याच्या दारात अडकली ती यामुळे. कोणी वैरभावाने हे केलेले नाही. तथापि ज्यांनी विहीर खणली त्यांच्या घागरीच्या मापाने तिचे तोंड बांधले जाते, ही गोष्ट परभाषिक प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घराला समजावून सांगावी लागत नाही.

नावांचा प्रश्न सुटला. हक्कांचा उरला, आणि तो अधिक खोल होता. सामाईक फोल्डर खुला करताना यंत्र विचारते की कोणाला काय करू द्यावयाचे: केवळ वाचन, बदल, की पूर्ण अधिकार. अप्पांनी स्वतःखेरीज सर्वांना वाचन दिले, आणि दोन वर्षे त्यांना यात काही गैर वाटले नाही. त्यांच्या दृष्टीने ही एकनाथांचीच ताकीद होती. मराठी परंपरेत याहून कडक बंदोबस्त झालेले आहेत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले, ते विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्यांना वाचताच आले नाहीत. त्यामानाने अप्पांनी वाचावयास तरी दिले होते. शिवाय हेतू शुद्ध होता. ग्रंथात प्रक्षेप होऊ नये एवढेच त्यांना हवे होते.

वादाला निमित्त झाला 'बारी' हा शब्द. अप्पांच्या नोंदीत त्याचा अर्थ होता पाळी, खेप. नात ती नोंद वाचून खाली आली आणि म्हणाली, "अप्पा, बारी म्हणजे खिडकी. तुम्ही ते लिहिलंच नाहीये."

"ते गुजराती आहे, बाळ. आपल्या मराठीत बारी म्हणजे पाळी."

"पण आपल्या घरात कोणीच पाळी म्हणायला बारी म्हणत नाही. खिडकीलाच म्हणतात. तुम्हीसुद्धा."

अप्पा नाही म्हणणार तोच स्वयंपाकघरातून माईंचा आवाज आला. "अहो, काल पाऊस आला तेव्हा 'बारी लाव, बारी लाव' म्हणून कोण ओरडत होतं?"

यावर उत्तर नव्हते. ज्या बोलीची नोंद करण्यासाठी अप्पा इतकी वर्षे झटत होते, ती त्यांच्या स्वतःच्या तोंडून निघत होती आणि त्यांच्यातला संपादक ती अशुद्ध म्हणून गाळीत होता. संक्रांतीला उत्तरायण म्हणणारी नात, झोपाळ्याला हिंचका म्हणणाऱ्या माई, याच तर त्या बोलीच्या धनिणी. आणि संग्रहात त्यांना केवळ वाचनाचा अधिकार होता. रामायणाच्या आवृत्तीत वाल्मीकीचा पाठ शोधावयाचा असतो, म्हणून उत्तरकालीन हात बाजूस सारावे लागतात. जिवंत बोलीच्या संग्रहात उत्तरकालीन हात हाच पाठ असतो. एक शिस्त दुसऱ्या क्षेत्रात जशीच्या तशी नेल्याने होणारा हा घोटाळा विद्वत्तेच्या इतिहासात नवा नाही. येथे तो एका चौकटीत खूण करून किंवा न करून व्यक्त होत होता, एवढेच. त्या रात्री अप्पांनी मुलाला सांगून सर्वांना 'बदल' हा अधिकार दिला.

त्यानंतर घरात पाळीला खरा अर्थ आला. 'ब' या अक्षराची फाइल एकाने उघडली असेल तर यंत्र ती दुसऱ्याला फक्त वाचू देते, आणि ती कोणाजवळ आहे तेही सांगते. दोघांनी एकाच वेळी एकाच ओळीत लिहून परस्परांचे लिहिणे पुसू नये यासाठी ही व्यवस्था. विहिरीवर पाण्याच्या पाळ्या ठरतात तशाच या. "तुझं 'ब' झालं का गं?" अशी हाक जिन्यातून वर जाऊ लागली. नोंदींच्या शेवटी नोंदणाऱ्याचे अक्षर येऊ लागले. अप्पा कधी कधी कपाळाला आठी घालीत, पण त्यांनी दुसऱ्याची नोंद पुसली नाही. फार तर तिच्याखाली आपले मत लिहिले. माईंनी तर नातीकडून टंकन शिकून 'स्वयंपाकघर' नावाची आपली स्वतंत्र फाइल काढली. भांड्यांची, वाटणाघाटणाची, मोजमापाची जी नावे तिच्यात आली, त्यांतली कित्येक अप्पांनी चाळीस वर्षे रोज ऐकली होती आणि एकदाही टिपली नव्हती.

सामाईकाचे गुण कळले तसे त्याचे भयही कळले. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला, तो फाइली खुल्या करण्याच्या याच जुन्या रीतीच्या पहिल्या आवृत्तीतील एका छिद्रातून. सुमारे १५० देशांतील संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या. ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम खोळंबले. छिद्र बुजविण्याचे साधन मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेले होते. पुष्कळांनी ते लावले नव्हते. बडोद्याच्या घरापर्यंत ती आपत्ती आली नाही. परंतु मुलाने एक गोष्ट समजावून सांगितली: सर्वांना बदलाचा अधिकार आहे, याचा अर्थ घरातल्या कोणत्याही एका संगणकात शिरलेल्या विषाणूलाही तो आहे. विहिरीत एकाने घाण टाकली तर सारी आळी आजारी पडते. आणि विषाणू नसला तरी डिस्क मरणधर्मी आहेच. एकच प्रत म्हणजे एकच पाठ, हे खरे. एकच प्रत म्हणजे एकच मरण, हेही तितकेच खरे. पोथीच्या अखेरीस लेखनिक तिला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातांपासून जपावयास विनवीत असत. त्या विनवण्यांना न जुमानता हजारो पोथ्या गेल्या. ग्रंथ राहिले ते पाठभेदांचे ओझे वाहणाऱ्या इतर प्रती कोठे तरी होत्या म्हणून. ज्या लेखनिकांना संपादक दोष देतो, त्यांच्याच उपकारावर त्याचे संपादन उभे असते.

माई २०१९ च्या श्रावणात गेल्या. पुढे डब्याची साफसफाई करताना न लागणारी खाती पुसण्याचा प्रश्न आला. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक धनी असतो, आणि यादीत त्याचे नाव येते. खाते पुसले तर फाइल नष्ट होत नाही. फक्त धन्याच्या नावाच्या जागी एक आकडा दिसू लागतो. 'स्वयंपाकघर' या फाइलीपुढे 'माई' असे होते. घरोघरी माई असते, पण हाक मारली की ज्या घरातली तिलाच कळते. ते खाते कोणी पुसले नाही. त्यावरून आता कोणी आत येत नाही. ते तेवढे एक नाव धरून आहे.

या घराने शेवटी जी रीत बसविली तीत सामाईक आणि वानोळा या दोहोंना आपापली जागा आहे. लिहावयाचे ते एकाच ठिकाणी, डब्यात. जपावयाचे ते अनेक ठिकाणी. दरवर्षी दिवाळीत पुण्याच्या मुलीकडे फराळाचा डबा जातो, त्याबरोबर कापडी पिशवीत एक लहानशी डिस्क जाते आणि गेल्या वर्षीची परत येते. तीत कोणी काही लिहावयाचे नाही, नुसते कपाटात ठेवावयाचे, असे ठरले आहे. मुलगी मात्र सोबत एक कागद धाडते. तीस वर्षे पुण्यात राहून तिच्या तोंडातून बडोद्याचे जे शब्द अजून गेलेले नाहीत, ते वर्षभर आठवतील तसे तिने त्यावर उतरविलेले असतात. अप्पा त्यांतला एकही गाळीत नाहीत. पाळी आली की एकेक करून ते डब्यातल्या फाइलीत चढवितात, आणि प्रत्येकापुढे मुलीचे अक्षर घालतात.